नदीमुखातील डॉल्फिन : संख्या, ऋतू आणि गोडे पाणी

भूगोलाच्या पुस्तकात नदीचा पाठ उगमापासून सुरू होतो आणि मुखापाशी संपतो. नकाशावरची निळी रेघ समुद्राच्या निळाईत मिसळली, की विद्यार्थी पान उलटतो. परंतु नदीच्या प्रवासातील सर्वांत गजबजलेला टप्पा नेमका तेथेच असतो. गोडे आणि खारे पाणी ज्या पट्ट्यात एकमेकांत मिसळते, तेथे माशांची पिल्ले वाढतात, कोळंबी पोसली जाते, खारफुटीची वने उभी राहतात आणि या सर्वांच्या मागोमाग डॉल्फिन येतात.

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी दापोली, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर होडीतून डॉल्फिन पाहिले असतील. अशा वेळी ‘येथे डॉल्फिन आहेत तरी किती?’ हा प्रश्न सहज ओठांवर येतो. प्रश्न साधा दिसतो. मात्र त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर आधी तीन उपप्रश्न विचारावे लागतात : कोणत्या महिन्यात? किती आणि कशा पाण्यात? आणि मोजले कसे? प्रस्तुत लेखात आम्ही या तीन प्रश्नांच्या आधारे नदीमुखातील डॉल्फिनांची ऋतुमानानुसार होणारी ये-जा समजावून घेणार आहोत. त्यासाठी मुख्य उदाहरण गंगेच्या मुखावरील सुंदरबनाचे घेतले आहे. त्यानंतर ओडिशातील चिल्का सरोवराकडे आणि शेवटी आपल्या कोकणच्या खाड्यांकडे वळू.

सरकती सीमा

समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात ते नगण्य असतात. खारे पाणी जड असल्याने ते तळाशी राहू पाहते, तर गोडे पाणी हलके असल्याने त्याच्यावरून वाहते. भरती आली की समुद्र नदीत शिरतो. ओहोटी लागली की नदी समुद्राला मागे रेटते. या दोहोंमधील सीमा एका जागी कधीच स्थिर नसते. ती दिवसातून दोनदा पुढे-मागे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती अधिक आत जाते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तिचा पल्ला कमी होतो.

या दैनिक आणि पाक्षिक हालचालीवर वर्षाची एक मोठी हालचाल असते. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते आणि खाऱ्या पाण्याला समुद्राकडे ढकलून देते. पाऊस ओसरल्यावर नदीचा जोर कमी होतो आणि खारे पाणी हळूहळू आत सरकू लागते. मार्च ते मे या महिन्यांत ते सर्वांत आतपर्यंत पोहोचलेले असते. म्हणजे नकाशावर नदीमुख एका ठिकाणी दाखवले असले, तरी माशांच्या आणि डॉल्फिनांच्या दृष्टीने ते वर्षभर आपली जागा बदलत असते. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवला, तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

एकाच मुखावरील दोन डॉल्फिन

सुंदरबन हे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या त्रिभुज प्रदेशातील खारफुटीचे अरण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ६,००० चौरस किलोमीटर बांगलादेशात, तर उर्वरित पश्चिम बंगालमध्ये येते. या अरण्यातील प्रवाहांत दोन जातींचे डॉल्फिन राहतात. असे सहजीवन जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

पहिला गंगा डॉल्फिन. बंगालीत त्याला शुशुक आणि हिंदीत सूंस म्हणतात. श्वास घेताना होणाऱ्या आवाजावरून ही नावे पडली असावीत, असे मानले जाते. लांब चोच, पाठीवर परासारखा बुटका उंचवटा आणि अगदी लहान डोळे ही त्याची ओळख. त्याच्या डोळ्यांत भिंग नसते, त्यामुळे त्याला आकृती दिसत नाही. केवळ उजेड-अंधार कळतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोगही बेताचाच. तो आवाजाच्या सूक्ष्म लहरी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य व मार्ग ओळखतो. हा मूलतः गोड्या पाण्यातील प्राणी आहे. भारत सरकारने २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

दुसरा इरावती डॉल्फिन. त्याचे डोके गोलसर, चोच नाहीच, पाठीवरील पर लहान आणि बोथट. नाव म्यानमारमधील नदीचे असले, तरी शास्त्राला त्याची ओळख झाली ती आपल्या विशाखापट्टणमच्या बंदरात मिळालेल्या नमुन्यावरून. सर रिचर्ड ओवेन यांनी १८६६ साली त्याचे वर्णन केले. हा प्राणी खाऱ्या, निमखाऱ्या आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत राहू शकतो. तरीही खुल्या समुद्रापेक्षा नदीमुखे, खाड्या आणि उथळ किनारा हेच त्याचे घर.

दोन्ही जातींची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते. कोंबडीसारखी किंवा माशासारखी त्यांची वाढ झपाट्याने होत नाही. एक प्रौढ मादी जाळ्यात अडकून मेली, तर ती उणीव भरून निघण्यास अनेक वर्षे जातात.

पाणी सरकते, तसे डॉल्फिन सरकतात

ब्रायन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशाच्या सुंदरबनात या दोन्ही डॉल्फिनांचा पद्धतशीर अभ्यास केला. नदीचा प्रवाह भरपूर असताना आणि तो ओसरलेला असताना, अशा दोन्ही काळांत त्यांनी डॉल्फिन कोठे आढळतात याच्या नोंदी घेतल्या. सोबत प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची क्षारता, गढूळपणा, खोली आणि प्रवाहाची रुंदीही टिपली. त्यातून जे चित्र उभे राहिले, ते बोधप्रद आहे.

गंगा डॉल्फिन कमी क्षारतेच्या, गढूळ पाण्याला धरून राहतो. पावसाळ्यात गोडे पाणी दूरवर पसरते, तेव्हा त्याचा वावरही विस्तारतो. कोरड्या महिन्यांत हेच क्षेत्र आकसते आणि तो सुंदरबनाच्या वरच्या, ईशान्येकडील प्रवाहांत एकवटतो. कारण गोडे पाणी मुख्यत्वे त्याच बाजूने येते. इरावती डॉल्फिन अधिक क्षारता सहन करतो. त्यामुळे त्याचा वावर खालच्या अंगाला, समुद्राच्या दिशेने अधिक असतो. दोघांच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात; पण त्या रेषाही ऋतूबरोबर पुढे-मागे होतात.

आणखी एक गोष्ट दोघांत समान आढळली. दोन प्रवाह जेथे मिळतात, त्या संगमांवर त्यांचा वावर विशेष असतो. संगमावर पाणी भोवऱ्यासारखे फिरते, तळ खोल होतो आणि मासे तेथे रेंगाळतात. डॉल्फिनला कमी श्रमात भक्ष्य मिळते. अडचण अशी, की माणसालाही हीच जागा सोयीची असते. जाळी तेथेच लागतात, होड्या तेथूनच वळतात, मालवाहू जहाजेही तेथूनच जातात. डॉल्फिन आणि मच्छीमार यांच्या आवडीची ठिकाणे एकच असणे, हे या प्राण्यांच्या संकटाचे मूळ कारण आहे. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही.

माशांच्याही हालचाली याच चक्रात गुंफलेल्या आहेत. हिलसा, ज्याला आपल्याकडे पाला म्हणतात, समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. कोळंबीच्या अनेक जातींची पिल्ले निमखाऱ्या पाण्यात पोसली जातात आणि मोठी झाल्यावर समुद्राकडे जातात. म्हणजे गोड्या पाण्याचा लोंढा, मासे आणि डॉल्फिन ही एकामागून एक चालणारी साखळी आहे. पहिली कडी सैल झाली, की शेवटची कडी हलल्यावाचून राहत नाही.

मोजायचे कसे?

डॉल्फिन पाण्याबाहेर येतो तो श्वासापुरता. गंगा डॉल्फिन तर क्षणभर पाठ दाखवून पुन्हा दिसेनासा होतो. मग न दिसलेल्यांचा हिशेब कसा मांडावा? येथे गणिताची एक सुंदर युक्ती उपयोगी पडते आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे.

समजा, एकाच होडीवर निरीक्षकांची दोन पथके बसवली. दोन्ही पथके स्वतंत्रपणे नोंद करतात. एकमेकांना काही सांगत नाहीत. पहिल्या पथकाला २० डॉल्फिन दिसले, दुसऱ्याला १८. नोंदी ताडून पाहिल्यावर त्यांतील १२ दोघांनाही दिसलेले निघाले. म्हणजे दुसऱ्या पथकाने पाहिलेल्या १८ पैकी पहिल्या पथकाने १२ टिपले. त्याची नजर दोन-तृतीयांश डॉल्फिन पकडते. तर मग त्याला दिसलेले २० हे एकूण संख्येच्या दोन-तृतीयांश धरावेत. एकूण संख्या झाली ३०. दोन्ही पथकांनी मिळून प्रत्यक्ष पाहिलेले डॉल्फिन २६ असले, तरी चार दोघांच्याही नजरेतून सुटले असावेत, असा हा अंदाज आहे. आम्ही दिलेले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. परंतु याच तत्त्वावर सुंदरबनात केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इरावती डॉल्फिनांची संख्या ४५१ आणि गंगा डॉल्फिनांची २२५ अशी अनुमानित करण्यात आली.

दुसरी पद्धत छायाचित्रांची. अनेक डॉल्फिनांच्या पाठीवरील पराच्या कडेला खाचा, ओरखडे आणि व्रण असतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे त्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरात १९७० पासून असा अभ्यास अखंड चालू आहे आणि तेथील डॉल्फिनांच्या अनेक पिढ्यांची नोंद त्यातून तयार झाली आहे. या पद्धतीने केवळ संख्या कळते असे नाही. कोण कायमचा रहिवासी आहे, कोण ठरावीक ऋतूतच येतो आणि कोण एकदाच दिसून गेला, हेही कळते. गंगा डॉल्फिनच्या पाठीवर असा स्पष्ट पर नसल्याने ही पद्धत त्याला लागू पडत नाही; म्हणून तेथे दोन पथकांची रीत.

येथे एक धोका समजून घेणे अगत्याचे आहे. कोरड्या महिन्यांत पाणी कमी होते आणि डॉल्फिन थोड्या जागेत एकवटतात. त्या वेळी एका फेरीत पूर्वीपेक्षा अधिक डॉल्फिन दिसले, तर पाहणारा म्हणेल, ‘संख्या वाढली.’ वस्तुतः त्यांची जागा घटलेली असते. उलट, पावसाळ्यात ते पसरतात आणि कमी दिसतात. तेव्हा ‘संख्या घटली’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून एका ऋतूतील मोजणीची तुलना दुसऱ्या वर्षाच्या त्याच ऋतूतील, त्याच मार्गावरील आणि त्याच पद्धतीच्या मोजणीशीच करावी लागते. शाळेच्या पटावर नावे किती आणि एखाद्या दिवशी वर्गात हजर किती, यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

उन्हाळ्यातील पाण्याचे मोल

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. डॉल्फिनांच्या वर्षातील सर्वांत अडचणीचा काळ कोरड्या महिन्यांचा असतो आणि नेमक्या त्याच काळात माणसालाही नदीच्या पाण्याची सर्वाधिक गरज भासते. शेतीला पाणी हवे, शहरांना हवे, बंदरांना हवे. १९७५ साली पश्चिम बंगालमधील फराक्का येथे गंगेवरील बंधारा कार्यान्वित झाला. गंगेचे काही पाणी हुगळीकडे वळवून कोलकाता बंदरातील गाळ हटवावा, हा त्याचा हेतू होता. खाली बांगलादेशात मात्र कोरड्या महिन्यांतील प्रवाह घटला. तेथील सुंदरबनाला गोडे पाणी पोहोचवणाऱ्या गोराई नदीच्या तोंडाशी गाळ साचत गेला आणि उन्हाळ्यात तिचा ओघ क्षीण झाला. परिणामी खारे पाणी अधिक आत शिरू लागले.

भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी गंगा-पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे या काळात, दर दहा दिवसांच्या हिशेबाने, फराक्का येथील पाणी कसे वाटावे हे त्यात ठरवले आहे. हे पाच महिने आणि डॉल्फिनांच्या अडचणीचे महिने एकच आहेत, हे ध्यानात घ्यावे. कराराच्या तक्त्यात दोन देशांचे रकाने आहेत; शुशुकाचा रकाना नाही. त्याला मिळते ते दोघांनी उचलून उरलेले पाणी.

वरून पाणी कमी येते आणि खालून समुद्राची पातळी वाढते आहे. या दोन हातांमध्ये गंगा डॉल्फिनचे नदीमुखातील क्षेत्र दाबले जात आहे. पश्चिमेकडील, म्हणजे भारतीय सुंदरबनाच्या बऱ्याच भागातील प्रवाह पूर्वीच गाळाने भरून गंगेपासून तुटले आहेत आणि तेथील पाणी अधिक खारट आहे. पूर्वेकडे अद्याप गोडे पाणी पोहोचते. म्हणूनच बांगलादेशाने २०१२ साली डॉल्फिनांसाठी जी तीन अभयारण्ये घोषित केली, ती चांदपाई, ढांगमारी आणि दुधमुखी ही ठिकाणे पूर्व सुंदरबनातच आहेत. तिन्ही मिळून क्षेत्र सुमारे १०.७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा पाण्याचेही रक्षण सोपे नसते. ९ डिसेंबर २०१४ रोजी चांदपाईच्या परिसरातील शेला नदीत एक तेलवाहू जहाज बुडाले आणि सुमारे साडेतीन लाख लीटर इंधनतेल पाण्यात पसरले. किनाऱ्यावरील गावकऱ्यांनी भांडी, स्पंज आणि हाती लागेल त्या साधनांनी ते गोळा केले.

दुर्लक्षाचा शेवट कोठे होतो, हे चीनने दाखवून दिले आहे. यांगत्से नदीतील बैजी हा तेथील खास डॉल्फिन. २००६ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी सहा आठवडे नदी धुंडाळली. एकही बैजी आढळला नाही.

चिल्का : उलट बाजूचा धडा

सुंदरबनात गोडे पाणी कमी पडते. ओडिशातील चिल्का सरोवरात एके काळी समुद्राचे पाणी कमी पडू लागले होते. चिल्का हे वाळूच्या दांड्यामुळे समुद्रापासून अलग झालेले विस्तीर्ण खाजण सरोवर आहे. त्याचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर, तर पावसाळ्यात १,१०० चौरस किलोमीटरहून अधिक असते. उत्तरेकडून महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी येते आणि पूर्वेकडील मुखातून समुद्राचे पाणी शिरते. पावसाळ्यात सरोवराचा मोठा भाग जवळजवळ गोडा होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा खारट. इरावती डॉल्फिनांचा एक समूह येथे नांदतो. साताप़ड्याजवळचा, समुद्राला जोडणारा प्रवाह हे त्याचे आवडते क्षेत्र.

१९८१ साली रामसर यादीत मान मिळालेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळ जागांच्या नोंदीत गेले. मुख गाळाने अरुंद झाले होते, क्षारता घटली होती, पाणवनस्पती माजल्या होत्या आणि मासळी रोडावली होती. चिल्का विकास प्राधिकरणाने अभ्यासाअंती सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. खारे पाणी पुन्हा आत खेळू लागले, मासळी सुधारली आणि २००२ मध्ये धोक्याच्या नोंदीतून चिल्काचे नाव वगळण्यात आले. कोळंबीसाठी घातलेले बेकायदेशीर बांध पुढे हटवल्यावर डॉल्फिनांना वावरण्यास अधिक क्षेत्र मोकळे झाले. अलीकडील गणनांत तेथे दीडशेच्या आसपास डॉल्फिन आढळतात. जाळ्यांत अडकणे आणि मोटारबोटींचे पंखे हे धोके मात्र कायम आहेत.

या दोन उदाहरणांतून एकच धडा मिळतो. नदीमुखाला दोन्ही पाणी हवीत, आणि तीही आपापल्या ऋतूत. एकाचा वाटा बंद केला, की मध्ये जगणाऱ्यांची जागा जाते.

कोकणच्या खाड्या

आपल्या कोकणात गंगेसारखी महानदी नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली, तेरेखोल या नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने जवळपास कोरडे, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळे पावसाळ्यात खाडी गोडी होते आणि उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी मैलोन्‌मैल आत येते. येथील प्रमुख डॉल्फिन म्हणजे कुबड असलेला हिंदी महासागरी डॉल्फिन. तो साधारणतः २५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, किनाऱ्याला धरून आणि खाड्यांच्या मुखांशी वावरतो. तारली, बोय, ढोमा असे मासे त्याचे खाद्य. त्याच्यासोबत पाठीवर पर नसलेला एक लहानखुरा शिंशुकही या किनाऱ्यावर आढळतो. जुन्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत त्याचे मराठी नाव ‘भुलगा’ असे दिलेले आहे.

किनाऱ्यावर आपण पुष्कळदा ऐकतो, की ‘डॉल्फिन हिवाळ्यात येतात.’ या विधानाकडे चिकित्सक दृष्टीने पाहावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते आणि पावसाळाभर पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, पाहणारा कोणीच नाही. ऑक्टोबरात समुद्र निवळतो, होड्या सुटतात आणि डॉल्फिन ‘दिसू’ लागतात. अशा वेळी डॉल्फिनांचा ऋतू कोणता आणि आपल्या होड्यांचा ऋतू कोणता, हे आधी वेगळे करावे लागते. न दिसणे आणि नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा एक भेद जरी मनावर ठसवला, तरी या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

माणसाच्या निर्णयाने खाडीचे पाणी कसे बदलते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. कोयना प्रकल्पात वीज तयार झाल्यावर उरणारे अवजल वाशिष्ठीत सोडले जाते. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेच्या दाभोळ खाडीकडे येते आणि उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती राहते. इतर खाड्यांत असे होत नाही. म्हणजे कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात, किती गोडे पाणी पोहोचावे, हे आता पावसाइतकेच मंत्रालयातील कागदावरही ठरते.

जुनी आज्ञा, आजचे कर्तव्य

सम्राट अशोकाने राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत ‘गंगापुपुटक’ हे नाव आहे आणि ते गंगा डॉल्फिनचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच लेखात चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा आहे. प्राण्याला संरक्षण द्यायचे, तर ते पंचांगाला जोडावे लागते, ही समज सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची आहे. आज १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा डॉल्फिनांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण देतो. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर महाराष्ट्र शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. किनाऱ्यावरील आपल्या बांधवांना ही योजना ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे. कारण जाळे म्हणजे त्या घराची कमाई असते आणि दयेचा सारा भार एकट्या गरिबावर टाकणे न्यायाचे नाही.

डॉल्फिन पाहावयास जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. नाखव्याला ‘अजून जवळ घ्या’ असे म्हणू नये. होडीने पाठलाग करू नये, चहूबाजूंनी घेरू नये आणि माय-पिल्लाच्या मध्ये शिरू नये. यंत्राचा वेग कमी ठेवावा आणि थोड्या वेळात परत फिरावे. किनाऱ्यावर डॉल्फिन लागलेला दिसल्यास त्याला ओढून पाण्यात लोटू नये. वनविभागाला तत्काळ कळवावे, तोवर त्याची त्वचा ओली ठेवावी आणि पाठीवरील श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. एका पथकाला २४ डॉल्फिन दिसले, दुसऱ्याला २०, आणि दोघांनाही दिसलेले १६ होते. एकूण संख्येचा अंदाज काढा. किती डॉल्फिन दोन्ही पथकांच्या नजरेतून सुटले असावेत?

२. एका खाडीत मे महिन्यात एका फेरीत १५ आणि ऑगस्टमध्ये ६ डॉल्फिन दिसले. ‘तीन महिन्यांत नऊ डॉल्फिन मेले’ असे एका वार्ताहराने लिहिले. या निष्कर्षातील दोष सांगा आणि योग्य तुलना कशी करावी ते लिहा.

३. आपल्या गावाजवळची नदी कोणत्या महिन्यात वाहायची थांबते? आजी-आजोबांच्या लहानपणी ती कोणत्या महिन्यात थांबत असे? दोन्ही उत्तरे शेजारी लिहा आणि फरकाची कारणे शोधा.

४. किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्षभर, महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, एकाच ठिकाणी उभे राहून एक तास पाहणी करावी. दिनांक, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग आणि दिसलेले डॉल्फिन यांची नोंद ठेवावी. काहीच दिसले नाही, तर ‘शून्य’ अवश्य लिहावे. शून्याची नोंद ही सुद्धा नोंदच होय.

तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. आपले अनेक विद्यार्थी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, घाटमाथ्यावर किंवा पठारावर वाढले आहेत. डॉल्फिनांशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु नदीमुखात मे महिन्यात किती गोडे पाणी पोहोचेल, हे नदीच्या वरच्या अंगाला राहणारी माणसे ठरवतात. उसाला किती पाणी द्यायचे, ओढ्याकाठची झाडे राखायची की तोडायची, वाळू किती उपसायची, हे निर्णय तेथेच होतात. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी शेतकरी आहेत, कोणी अभियंते, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी शासकीय सेवेत. त्यांच्या हातांतून जाणाऱ्या पाण्यात मुखाशी राहणाऱ्यांचाही वाटा आहे. त्या वाटणीत तो आठवणीने राखावा, एवढीच आमची विनंती आहे.